लॅपटॉपच्या पोटातला अ‍ॅम्प्लिफायर

इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू येत नाही. तिचं लाकूड भरीव, आत पोकळी नाही, मग आवाज घुमणार कुठे? तिचा खरा आवाज तारांखालच्या पिकअपमध्ये जन्मतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते, ती व्होल्टच्या एखाद-दुसऱ्या दशांशाएवढी. म्हणून या गिटारवर नायलॉनच्या तारा चालत नाहीत. चुंबकाला त्यांचा पत्ताच लागत नाही. कॅलिफोर्नियात जॉर्ज बोशॅम्प यांनी १९३१ मध्ये घडवलेल्या पहिल्या नमुन्यापासून आजच्या गिटारपर्यंत हे तत्त्व तसंच टिकून आहे.

एवढीशी वीज मोठी करायला अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि खरी गंमत तिथे घडली. लंडनमध्ये १९६२ साली जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडर कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या धर्तीवर व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचे, अ‍ॅम्प्लिफायर बनू लागले. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की तो लहरींचे शेंडे छाटतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा बिघाड. पण छाटलेल्या लहरीत मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट कंपनसंख्येचे नवे स्वर तयार होतात, आणि कानाला ते भरदार, खरखरीत, हवेहवेसे वाटतात. रॉक संगीताचा अर्धा इतिहास या बिघाडावर उभा आहे. आपल्याकडे १९७१ च्या ‘दम मारो दम’मध्ये भूपिंदर सिंग यांची गिटार ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या वाद्याची धार निराळी सांगायला नको.

पण असा अ‍ॅम्प्लिफायर महाग, वजनदार आणि भयंकर मोठ्याने बोलणारा. व्हॉल्व्ह पुरेसा तापल्याशिवाय आणि आवाज पुरेसा चढवल्याशिवाय तो खुलतच नाही. अहिल्यानगरला लागून मनमाड रस्त्यावर असलेल्या नागापूरसारख्या ठिकाणी तर तो घरात लावायची सोयच नाही. इथे एमआयडीसी आहे, कारखाने तीन पाळ्यांत चालतात, आणि रात्रपाळी करून आलेला शेजारी भर दुपारी झोपलेला असतो. नागापूरच्या गिटारवाल्याला आवाज हवा तो हेडफोनमध्येच. त्यामुळे अख्खा अ‍ॅम्प्लिफायर संगणकात बसवण्याची विद्या त्याच्या फार कामाची.

ही विद्या फार जुनी नाही. लाइन सिक्स कंपनीचा पॉड १९९८ साली बाजारात आला. त्या लहानशा डबीत अनेक नामवंत अ‍ॅम्प्लिफायरच्या नकला होत्या. इटलीच्या आयके मल्टिमीडियाने २००२ मध्ये अ‍ॅम्प्लिट्यूब आणलं, बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सने २००४ मध्ये गिटार रिग. ही दोन्ही सॉफ्टवेअर साध्या संगणकावर चालत.

संगणकाला मात्र ही वीज थेट कळत नाही. मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची डबी लागते आणि ती यूएसबीने जोडतात. खरेदी करताना एक गोष्ट बघायचीच: तिच्यावर गिटारसाठीचं, ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेलं इनपुट आहे का. त्याचा अवरोध साधारण दहा लाख ओहम असतो. पिकअपची वीज नाजूक; कमी अवरोधाच्या इनपुटला जोडलं की ते तिला ओढून घेतं आणि उंच स्वर मरतात. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात गिटार खुपसून ‘आवाज गढूळ येतो’ म्हणणाऱ्यांची गल्लत तिथेच होते. डबीवरचं गेनचं बटण जपून फिरवा. व्हॉल्व्हने छाटलेली लहर गोड लागते, डबीने छाटलेली कानाला चावते. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. डबीच्या चोवीस बिटांत विजेच्या १,६७,७७,२१६ पायऱ्या मोजता येतात, तेव्हा सिग्नल थोडा कमी ठेवल्याने काही बिघडत नाही.

डबी सेकंदाला ४८,००० वेळा वीज मोजते आणि आकडे संगणकाकडे पाठवते. इथून पुढे सगळं गणित. छाटणीचं गणित वरवर सोपं वाटतं: ठरावीक आकड्यापुढे गेलं की कापा. पण त्यात एक खोडी आहे. कापण्यातून निघालेले नवे स्वर २४,००० हर्ट्झच्या, म्हणजे मोजणीच्या निम्म्या वेगाच्या पुढे गेले की ते संपत नाहीत, उलटे फिरतात. ३०,००० हर्ट्झचा स्वर १८,००० वर येऊन बसतो. वादकाने तार खेचून सूर वर नेला की ही भुतं खाली उतरू लागतात. जुन्या सॉफ्टवेअरचा आवाज काचेरी वाटे, त्याचं एक कारण हे. उपाय म्हणजे आतल्या आत मोजणीचा वेग चौपट-आठपट करायचा, छाटणी करायची, नको ते गाळायचं आणि मग परत ४८,००० वर यायचं.

छाटलेला आवाज तसाच हेडफोनमध्ये सोडला तर डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा वाटतो. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे स्वर गिळतो आणि हा कर्कशपणा काढून टाकतो. म्हणून त्या स्पीकरचीही नक्कल लागते. खऱ्या स्पीकरसमोर माइक ठेवून स्पीकरमधून एक ठरावीक आवाज सोडतात, माइकने काय टिपलं ते नोंदवतात आणि त्यावरून क्षणिक टिचकीला स्पीकर कसा उत्तर देतो ते गणिताने काढतात. ते उत्तर २,०४८ आकड्यांचं असेल, तर गिटारच्या प्रत्येक नव्या आकड्यासाठी २,०४८ गुणाकार. सेकंदाला झाले ९,८३,०४,०००, म्हणजे जवळपास दहा कोटी! प्रत्यक्षात फूरिये रूपांतराच्या युक्तीने हे काम बरंच कमी होतं, पण सरळ केलं तरी आजचा बेताचा लॅपटॉप ते रेटून नेतो.

अलीकडची झेप याहून थक्क करणारी. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी बनवलेलं न्यूरल अँप मॉडेलर हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरकडून शिकतं. साधारण तीन मिनिटांचा एक ठरलेला ध्वनी अ‍ॅम्प्लिफायरमधून काढायचा, बाहेर आलेलं नोंदवायचं आणि दोन्ही फायली न्यूरल नेटवर्कपुढे ठेवायच्या. आत किती व्हॉल्व्ह आहेत, कसे जोडलेत, त्याला काहीच सांगावं लागत नाही. मशीनच्या बोलण्यासाठी २०१६ मध्ये डीपमाइंडने मांडलेल्या वेव्हनेटच्या घराण्यातली ही रचना. अशी तयार मॉडेलं जगभरचे वादक फुकट वाटतात.

आता वेळेचा प्रश्न. संगणक आकडे एकेक करून हाताळत नाही. मूठभर साठवतो आणि एकदम उपसतो. ही मूठ म्हणजे बफर. १२८ आकड्यांचा बफर असेल तर २.७ मिलिसेकंद जातात. जाताना-येताना दोनदा, शिवाय डबीचा स्वतःचा थोडा उशीर. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. तमाशाच्या बोर्डावर ढोलकीवाला नाचणारीपासून तीन मीटरवर उभा असेल, तर त्याची थाप तिच्या कानी नऊ मिलिसेकंदांनी पोचते, आणि संगमनेरपासून नारायणगावपर्यंत कुणाचा त्यामुळे ताल चुकलेला नाही. दहा मिलिसेकंदांच्या आत राहिलात तर हात आणि कान जुळलेलेच राहतात. ब्लूटूथ हेडफोन मात्र नकोच. त्यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ठोक्याचा चतकोर भागच १२५ मिलिसेकंदांचा असतो. विंडोजवर डबीच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका. स्टाइनबर्गने १९९७ साली ही पद्धत या उशिरावर तोड म्हणूनच आणली. वाजवताना कडकड ऐकू आली तर बफर एक पायरी वाढवा, आणि वाय-फाय बंद करून बघा. नगरच्या मे महिन्यात तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो. कडकडीचं मूळ तेही असू शकतं.

एवढं जमलं की उरते गुणगुण, आणि नागापुरात खरी लढाई तिच्याशी. आपली वीज ५० हर्ट्झची. पिकअपचे हजारो वेढे तारेचं थरथरणं टिपतात तसंच भिंतीतल्या वायरिंगचं क्षेत्रही टिपतात. ज्या एमआयडीसीत मोटारी आणि स्विचगिअर बनतात, तिथल्या वस्तीत वेल्डिंग आणि मोटारींच्या ड्राइव्हचा कचराही विजेच्या लाइनीवर येऊ शकतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर उतारा काढला: उलट दिशेची आणि उलट चुंबकध्रुवांची दोन वेटोळी जोडली की दोघांतली गुणगुण एकमेकींना खोडते, सूर मात्र दुणावतो. ते हंबकर पिकअप. तुमच्या गिटारवर एकेरी वेटोळं असेल तर खुर्चीसकट हळूहळू फिरून बघा. एका कोनात गुणगुण एकदम पडते. तिथेच बसून वाजवा. दिव्याचा डिमर असेल तर तो बंद करा. मग लॅपटॉपचा चार्जर काढा. त्यासरशी आवाज स्वच्छ झाला, तर दोष गिटारचा नाही.

तारांना बोट लावलं की गुणगुण कमी होते, हे नैसर्गिक आहे. पण बोटाला झिणझिण्या आल्या तर वाजवणं थांबवा. चार्जरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीकडे वाट मिळत नसेल, तर ती तुमच्यातून जाते. बऱ्याच घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच जोडलेली नसते. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. इंटरफेस, अ‍ॅम्प मॉडेलं, हेडफोन यांची खरेदी पुढच्या महिन्यावर गेली तरी चालेल. आधी वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.