सर्व्हरची देखभाल – भाग ६ : पाथ आणि ‘कमांड नॉट फाउंड’

पाथ हे युनिक्स आणि लिनक्समधील एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. त्यात डिरेक्टरींची नावे कोलनने जोडून ओळीने लिहिलेली असतात. नुसते ‘नोड’ लिहिले की शेल या डिरेक्टरी क्रमाने धुंडाळतो आणि त्या नावाचा जो प्रोग्राम आधी सापडेल तो चालवतो. कुठेच सापडला नाही, तर ‘कमांड नॉट फाउंड’ असा संदेश आणि १२७ हा एक्झिट कोड मिळतो.

डिप्लॉयमेंट स्क्रिप्टमध्ये हा संदेश हमखास बुचकळ्यात टाकतो. एसएसएचने सर्व्हरवर लॉगिन करून ‘नोड’ टाइप केले तर ते बिनबोभाट चालते. तीच कमांड एसएसएचच्या ओळीला जोडून पाठवली तर सापडत नाही. मशीन तेच, युजरही तोच. फरक असतो तो शेल कोणत्या पद्धतीने सुरू झाला यात.

लॉगिन शेल म्हणून सुरू झालेला बॅश आधी ‘/इटीसी/प्रोफाइल’ वाचतो. मग होम डिरेक्टरीतील ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’ आणि ‘.प्रोफाइल’ यांपैकी जी फाइल आधी सापडेल तेवढी वाचतो. एकटी कमांड पाठवल्यावर सुरू होणारा शेल लॉगिनही नसतो आणि इंटरॅक्टिव्हही नसतो, त्यामुळे या फाइलींना हातच लागत नाही. उबुंटूवर एसएसएचमार्फत आलेला बॅश अशा वेळी ‘.बॅशआरसी’ उघडतो खरा; पण तिच्या सुरुवातीलाच अट असते, की शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत फिरावे. नोडच्या आवृत्त्या सांभाळणारी एनव्हीएमसारखी साधने आपल्या ओळी याच फाइलच्या तळाशी जोडतात. बॅश तिथवर पोहोचतच नाही.

निदानासाठी ‘एको $पाथ’ ही कमांड एसएसएचने पाठवून पाहावी, मात्र एकेरी अवतरणचिन्हांत. दुहेरी चिन्हांत $पाथची किंमत पाठवणाऱ्याच्याच संगणकावर भरली जाते आणि उत्तर सर्व्हरचे म्हणून दिसते ते घरचेच असते.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे स्क्रिप्टमध्ये प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहिणे. असे प्रोग्राम बरेच असतील, तर सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत ‘एक्सपोर्ट पाथ=/ऑप्ट/नोड/बिन:$पाथ’ असे लिहावे. शेवटचे ‘:$पाथ’ गाळले, तर ‘एलएस’, ‘सीपी’ यांसारख्या रोजच्या कमांडही सापडेनाशा होतात. डिप्लॉयमेंटच्या साधनांपैकी कॅपिस्ट्रानोत पाथ ठरवण्याची हीच सोय ‘डिफॉल्ट_एन्व्ह’मध्ये, तर अॅन्सिबलमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ या शब्दाखाली आहे. ‘बॅश -एलसी’ वापरून लॉगिन शेल मागवता येतो. पण मग कोणी प्रोफाइल फाइल बदलली, की स्क्रिप्टचे वागणेही बदलते. होममधील ‘.एसएसएच/एन्व्हायर्नमेंट’ ही फाइल ओपनएसएसएच वाचू शकतो, पण त्यासाठीची ‘परमिटयुजरएन्व्हायर्नमेंट’ ही परवानगी मुळात बंद असते.

पाथ नीट बसल्यावरही सुडो तो बदलू शकतो. उबुंटूत सुडोच्या ‘सिक्युअर_पाथ’ या सेटिंगमधील यादी युजरच्या पाथची जागा घेते. म्हणून सुडोने चालवायच्या प्रोग्रामचा पूर्ण पत्ताच द्यावा.