पोटच्या पोराचा आवाज

उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, तेवढ्यात शेजारच्या काकू धापा टाकत आल्या. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात बचत गटाच्या पैशांची पिशवी.

"ताई, हे तीस हजार पोराले लवकर पाठवून द्या जी. त्याच्या गाडीनं एकाला उडवलं म्हणते. पोलिसांनी बसवून ठेवलं आहे."

काकूंचा मुलगा नागपूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. फोन मात्र अनोळखी नंबरवरून आलेला. मी म्हटलं, "आधी त्याच्या नंबरवर लावून बघू." काकू चिडल्याच. "पोटच्या पोराचा आवाज मले नाही कळत का?"

आमच्या एटापल्लीची रेंज तुम्हाला काय सांगावी! चौथ्यांदा फोन लागला. मुलगा अभ्यासिकेत शांत बसलेला! काकू मटकन खाली बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मग मले 'आई' म्हणून रडत होतं ते कोण?"

मुलाचं म्हणणं, कुणीतरी त्याच्या जुन्या व्हिडिओतला आवाज उचलून यंत्राकडून तसाच बोलवून घेतला असेल. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच एआय, ते करू शकतं. त्याला काही सेकंदांचा आवाजही पुरतो. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द सचिन तेंडुलकरला सांगावं लागलं होतं, की एका गेमची जाहिरात करणारा तो व्हिडिओ माझा नाही. तिथं आपली काय कथा?

पण ही झाली फक्त फसवणूक. यंत्र आता आपला हक्कही तपासू लागलंय. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरपोच आहार देताना मोबाइलवर बाईचा चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. चेहरा जुळलाच नाही, रेंज गेली, तर? जुने मोबाइल आणि नेटवर्कच्या अडचणी घेऊन अंगणवाडी सेविकांनी ठिकठिकाणी आवाज उठवला, तो यासाठीच.

आणि यापुढची यंत्रं याहून कितीतरी हुशार असतील. शिलाई मशीन बिघडलं तर कारागीर उघडून दाखवतो, कुठला भाग झिजला ते. एआयचं तसं नाही. ते असंख्य उदाहरणांवरून शिकतं. अमुक उत्तर त्यानं का दिलं, हे बनवणाऱ्यांनाही पूर्ण सांगता येत नाही. जेफ्री हिंटन हे या विद्येतले मोठे शास्त्रज्ञ. धोक्यांबद्दल मोकळेपणानं बोलता यावं म्हणून त्यांनी २०२३ मध्ये गुगल सोडलं. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. त्याच २०२३ च्या मे महिन्यात शेकडो जाणकारांनी सही करून सांगितलं, की यातून मानवजातच संपण्याचा धोका अणुयुद्धाइतका गांभीर्यानं घ्या. ही भीती अतिरेकी आहे, असं म्हणणारे यान लकून यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञही आहेत. पण घर बांधणाऱ्या गवंड्यांमध्येच भिंत टिकेल की नाही यावर वाद असेल, तर राहायला जाणाऱ्यानं विचारायला नको?

नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कला भारतासह २८ देश आणि युरोपीय संघ यांनी मिळून एआयपासून मोठा धोका असू शकतो, हे मान्य केलं. युरोपनं २०२४ मध्ये कायदाही केला.

"ते मोठ्या लोकांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतं?" असं म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्याकडे बघा. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली, ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या रेट्यामुळे. दारू कशी गाळतात याचं शास्त्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं. घरात काय होतंय, हे त्यांना ठाऊक होतं, तेवढं पुरलं. आणि बंदीनंतरही चोरटी दारू आलीच. म्हणून लक्ष ठेवणं सुटलं नाही.

इथंही तसंच करू या. पेसा कायद्यानं आपल्या ग्रामसभेला मान आहे. गावात नवीन यंत्र आलं, की तिथं उभं राहून विचारायचं: हे यंत्र चुकलं तर दाद कुणाकडे मागायची? त्या जागी हाडामांसाचा माणूस असेल ना? आमचे चेहरे, आमचे आवाज कुठं साठवणार? हे यंत्र येण्याआधी विचारलेलं बरं. एकदा सगळं त्याच्यावर सोपवलं, की विचारायलाही कुणी उरत नाही.

आणि घरापुरतं एवढं करा. पैसे मागणारा फोन आला, आवाज कितीही ओळखीचा असो, तो ठेवा आणि त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावा. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० वर कळवा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा.

काकूंनी मुलाशी बोलून तो ठरवलाय. मी विचारलं, तर हसून म्हणाल्या, "तुमाले बी नाही सांगायची ताई!"

गटाचे तीस हजार दुसऱ्याच दिवशी त्यांनी बँकेत भरले. पण फोन वाजला की अजूनही त्या क्षणभर थांबतात, मगच उचलतात.