चर खोदण्यापूर्वी : मुळशी तालुक्याच्या संदर्भात प्रागैतिहासिक स्थळांची पुरातत्त्वीय चाचणी

प्रस्तावना :
मुळशी म्हटले की सेनापती बापट आणि १९२१ चा सत्याग्रह आठवतो. टाटा कंपनीच्या धरणाखाली मुळा खोऱ्यातील गावे व भातशेती गेली आणि अडविलेले पाणी कोकणात भिरा येथील वीजगृहाकडे वळविण्यात आले. त्या वेळी जमीन व मोबदला यांवर पुष्कळ वाद झाला. जमिनीच्या पोटात काय आहे, हा प्रश्न विचारणारी यंत्रणाच नव्हती. १९०४ च्या कायद्याचा रोख मुख्यतः जुन्या वास्तूंवर होता. पुण्यात डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेच्या रूपाने पुन्हा सुरू झाले ते १९३९ मध्ये, म्हणजे धरण भरल्यानंतर. आज त्याच तालुक्यात हिंजवडीसारखी वसाहत वाढली आहे आणि नळयोजनांसाठी चर खोदले जात आहेत. असा चर खोदण्यापूर्वी करावयाच्या पुरातत्त्वीय चाचणीचे स्वरूप विशद करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय-विवेचन :
चराची रुंदी फार तर एक-दोन मीटर. एवढ्याने काय बिघडणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु धरण स्थळाला झाकते, तर चर त्याला कापतो. यंत्राच्या एका घासात खालचा गाळ वर आणि वरची माती खाली जाते. अश्मयुगीन अवजार हा शेवटी दगडच. तो कोणत्या थरात होता हे ठाऊक नसेल, तर त्याच्या काळाविषयी फारसे काही सांगता येत नाही. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठच्या बोरी येथे अवजारांच्या संगतीत ज्वालामुखीय राखेचा थर मिळाला. त्या राखेचे वय काहींनी सुमारे १४ लाख वर्षे, तर काहींनी सुमारे ७५ हजार वर्षे मानले. एवढा मोठा वाद निदान घालता तरी आला, कारण थर जागेवर शाबूत होता.

चाचणी म्हणजे उत्खनन नव्हे. प्रथम नकाशे व पूर्वीची सर्वेक्षणे पाहून नियोजित मार्गाची पायी पाहणी करतात आणि पृष्ठभागावरील कपच्या, गाभे, खापरे यांची नोंद घेतात. नंतर निवडक जागी एक मीटर लांबी-रुंदीचे खड्डे घेऊन माती थराथराने काढतात, चाळतात आणि खड्ड्याच्या भिंतींचे रेखाटन करतात. सूक्ष्मास्त्रे बोटाच्या पेराएवढीही नसतात. चाळणीवाचून ती हाती लागत नाहीत.

मुळशीत सरसकट खड्डे घेण्याची गरज नाही. पश्चिमेकडील अतिपावसाच्या उतारांवर माती टिकत नाही. वाहिनी नदी-ओढा ओलांडते ती जागा, काठावरची उंच सपाटी, खडीवर साचलेला जुना गाळ, एवढी ठिकाणे तपासली तरी बरेच साधेल. पावसाळ्यात वाढलेल्या गवतात पृष्ठपाहणी व्यर्थ होय. ती उन्हाळ्यातच करावी.

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन झाले. तेथे पाण्याचा पाट आढळला. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याने खोदलेला तो चर ओळखता आला, तो संथ उत्खननामुळे. आपल्या नळाच्या चराने असा पाट छेदला, तर खोदणाऱ्याला ती केवळ भुसभुशीत माती वाटेल.

कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो. १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीने १०० मीटरचे प्रतिबंधित क्षेत्र दिले, पण ते संरक्षित घोषित झालेल्या स्थळांभोवती. अज्ञात स्थळ घोषित कसे असणार? पेट्रोलियम वाहिन्यांसाठीच्या १९६२ च्या कायद्यात जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला २१ दिवसांत हरकत घेता येते. अश्मयुगीन माणसाचा सातबारा कोणाकडेच नाही. याउलट नागार्जुनकोंडा येथे १९५४ पासून धरणाचे पाणी चढेपर्यंत उत्खनन चालले, कारण ते स्थळ आधीच विख्यात होते.

वाहिनीचा मार्ग कागदावर असतो तोवर तो वीस-तीस मीटर सरकविणे अवघड नसते. तेही न जमल्यास निदान चर उघडा असताना त्याच्या भिंती पाहता येतात. पुरातत्त्वज्ञाच्या मार्गदर्शनाखाली इतिहास व भूगोल विभागांचे विद्यार्थी छायाचित्रे, मोजमापे आणि थरांच्या नोंदी करू शकतील. त्यासाठी ठेकेदाराचे वेळापत्रक आधी मिळाले पाहिजे. नळ टाकून झाला की माती त्याच दिवशी लोटली जाते.