महिना म्हणजे 30 दिवस नव्हेत

नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये मुद्रांक छापले जातात, आणि याच उपनगरातल्या कोर्टात वकील मंडळी तारखांमागे धावत असतात. वकिली म्हणजे युक्तिवाद, असं सिनेमा सांगतो. प्रत्यक्षात ऑफिसचा बराच वेळ डायरीत तारखा उतरवण्यात, वकीलपत्र आणि मुदत अर्ज टाइप करण्यात जातो. हे काम यंत्राला द्यावं का? जरूर द्यावं, पण कुठल्या यंत्राला, ते पाहून.

चेक बाउन्सचं प्रकरण घ्या. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस पाठवायची. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस. तरी पैसे आले नाहीत, तर एका महिन्यात तक्रार. नियम इतके ठरीव की साधी एक्सेल शीटही तारीख काढून देईल. मात्र कायद्याने एका ठिकाणी ‘30 दिवस’ म्हटलंय, दुसऱ्या ठिकाणी ‘एक महिना’. समजा, नोटीस 16 जानेवारीला मिळाली. पहिला दिवस सोडून 15 दिवस 31 जानेवारीला संपतात. तक्रारीचं कारण 1 फेब्रुवारीला घडतं आणि मुदत 1 मार्चपर्यंत चालते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने महिना म्हणजे 30 दिवस धरले, तर लीप वर्ष नसताना यंत्र 3 मार्च सांगेल. मग विलंब माफीचा अर्ज आलाच! म्हणून नियम यंत्राला शिकवताना वकील शेजारी बसलेला हवा.

चॅटजीपीटीसारख्या भाषा-प्रारूपाची जात वेगळी. ते नियम पाळत नाही, पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधतं. त्यामुळे अस्तित्वात नसलेला निवाडाही ते ऐटीत सांगू शकतं. असे निवाडे कोर्टापुढे ठेवल्याबद्दल न्यूयॉर्कमध्ये 2023 साली वकिलांना 5,000 डॉलर दंड झाला. नोटिशीचा कच्चा मसुदा त्याच्याकडून घ्यावा. मुदत आणि दाखले मात्र घेऊ नयेत. अशिलाची गुपितंही त्यात टाकू नयेत.

कोर्टांचं स्वतःचं यंत्र मात्र कामाचं आहे. ई-कोर्ट्स प्रकल्पात वापरलं जाणारं सॉफ्टवेअर पुण्याच्या एनआयसीने, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलं. प्रत्येक प्रकरणाला त्यात 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकला की पुढची तारीख दिसते.

तुमचं प्रकरण चालू असेल, तर वकिलांकडून हा क्रमांक मागून घ्या आणि तारीख स्वतः पाहत चला.