दिलेल्या वर्णांवरून इंग्रजी शब्द शोधणे

दिलेल्या वर्णांवरून इंग्रजी शब्द शोधणे म्हणजे रोमन लिपीतील काही ठरावीक वर्ण दिले असता, ते ज्यांच्या स्पेलिंगमध्ये येतात असे इंग्रजी शब्द हुडकून काढणे होय. शब्दकोडी आणि स्क्रॅबलसारखे खेळ या शोधावर आधारलेले आहेत. त्याचा संबंध शब्दाच्या उच्चाराशी नसून केवळ लेखनाशी असतो. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ हे शब्द देवनागरीत लिहिले असता त्यांच्यात काही नाते असेल असे वाटत नाही. शिवाय ‘लिसन’मधील टी हा वर्ण उच्चारात येतच नाही. तरीही दोन्ही शब्द एल, आय, एस, टी, ई, एन या सहाच वर्णांचे बनलेले आहेत. ‘एन्लिस्ट’ आणि ‘टिन्सेल’ हे शब्दही त्याच वर्णांतून तयार होतात. ऐकून इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्याला हा शोध अवघड वाटतो, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

प्रश्नाचे प्रकार

‘हे वर्ण असलेला शब्द’ या शब्दप्रयोगाचे अनेक अर्थ होतात. दिलेले सर्व वर्ण वापरून, एकही न वाढवता तयार झालेल्या शब्दाला अ‍ॅनाग्रॅम म्हणतात. स्क्रॅबलमध्ये हाती असलेल्या सात वर्णांपैकी काही शिल्लक राहिले तरी चालतात. याउलट काही कोड्यांत दिलेले वर्ण शब्दात असलेच पाहिजेत, मग इतर कितीही येवोत, अशी अट असते. उदाहरणार्थ, ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर असलेला शब्द विचारल्यास ‘एज्युकेशन’ हे उत्तर चालते. ते याच क्रमाने हवे असतील तर मात्र ‘फसीशस’ (विनोदी, थट्टेखोर) शोधावा लागतो. वर्ण सलग यावेत अशीही अट असू शकते. ओ-यू-जी-एच ही सलग मालिका शोधली असता ‘टफ’, ‘दो’, ‘थ्रू’, ‘कॉफ’ आणि ‘बाउ’ असे शब्द हाती लागतात. या पाच शब्दांत त्या मालिकेचा उच्चार पाच तऱ्हांनी होतो.

हाताने शोधण्याची रीत

सहा वेगवेगळ्या वर्णांची ७२० प्रकारे आणि सात वर्णांची ५,०४० प्रकारे मांडणी होऊ शकते. या सर्व मांडण्या करून पाहणे व्यर्थ होय, कारण त्यांपैकी बहुतेक मांडण्या इंग्रजीत संभवतच नाहीत. म्हणून जाणकार खेळाडू प्रथम उपसर्ग व प्रत्यय वेगळे काढतो. आय-एन-जी, ई-डी, ई-आर यांसारखे शेवट किंवा आर-ई, यू-एन यांसारखे आरंभ बाजूला ठेवले की उरलेले वर्ण थोडेच राहतात. एच हा वर्ण दिसल्यास तो सी, एस, टी किंवा पी यांच्या मागे जोडून पाहावा. क्यूच्या पाठोपाठ बहुधा यू येतो. या नियमाचे बरेचसे अपवाद परभाषांतून आलेले आहेत. त्यांतील ‘फकीर’ आणि ‘काझी’ ही मूळची अरबी रूपे मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत, तर क्यू-आय या दोनच वर्णांचा ‘ची’ हा शब्द चिनी भाषेतून आला आहे.

काही वर्णसमूह विशेष फलदायी असतात. ‘रेटिना’ या शब्दाच्या सहा वर्णांत सी मिळवल्यास ‘सर्टन’, जी मिळवल्यास ‘ग्रॅनिट’, डी मिळवल्यास ‘ट्रेन्ड’, एल मिळवल्यास ‘रिलायंट’ आणि पी मिळवल्यास ‘पेंटर’ होतो. स्क्रॅबलमध्ये सातही ठोकळे एकाच खेळीत वापरल्यास ५० गुण जादा मिळत असल्याने असे समूह पाठ करण्याची प्रथा आहे.

वर्णांची वारंवारता

स्क्रॅबलचा जनक अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स याने वृत्तपत्रांतील वर्ण मोजून ठोकळ्यांचे प्रमाण ठरवले. खेळातील १०० ठोकळ्यांपैकी १२ ई या वर्णाचे, तर क्यू आणि झेड यांचा प्रत्येकी एकच असतो. ई वापरल्यास १ गुण मिळतो, क्यू किंवा झेड वापरल्यास १०. दुर्मिळ वर्णापासून शोध सुरू करणे सोयीचे असते, ते याच कारणाने: ज्यात तो बसेल असे शब्द मुळातच मोजके असतात.

संगणकीय पद्धत

संगणकाने केवळ वेगाच्या बळावर सर्व मांडण्या तपासाव्यात असे नाही. शब्दकोशातील प्रत्येक शब्दाचे वर्ण वर्णमालेच्या क्रमाने लावून त्या शब्दाची ‘किल्ली’ बनवतात. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ या दोहोंची किल्ली ई-आय-एल-एन-एस-टी अशी येते. समान किल्लीचे शब्द एकत्र ठेवले की शोध क्षणात होतो. जॉन बेंटली यांनी ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ (१९८६) या पुस्तकात या युक्तीचे विवेचन केले आहे. काही वर्ण शिल्लक ठेवण्याची मुभा असेल तेव्हा प्रत्येक वर्ण किती वेळा येतो याची तुलना करावी लागते. मात्र उत्तर कोणत्या शब्दसूचीतून काढले यावर त्याची ग्राह्यता ठरते. उत्तर अमेरिकेतील स्क्रॅबलची सूची आणि अन्यत्र बव्हंशी वापरली जाणारी कॉलिन्सची सूची यांत फरक आहे.

मराठीच्या संदर्भात

हीच पद्धत मराठीस जशीच्या तशी लावता येत नाही. ‘कमल’ आणि ‘कलम’ ही जोडी सरळ आहे, कारण तीनही अक्षरे सुटी आहेत. परंतु संगणक युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे स्वतंत्र धरतो. त्यामुळे ‘राम’ आणि ‘मार’ यांची किल्ली एकच येते. प्रत्यक्षात पहिल्या शब्दात ‘रा’ व ‘म’, तर दुसऱ्यात ‘मा’ व ‘र’ ही अक्षरे आहेत. अक्षरांचा क्रम बदलून ‘राम’चा ‘मरा’ होतो, ‘मार’ होत नाही. ‘शास्त्र’सारख्या शब्दात ‘स्त्र’ हे एक अक्षर मानायचे की तीन व्यंजने, हेही आधी ठरवून घ्यावे लागते.