व्हेलॉसिटी ६४ म्हणजे नक्की किती?

संगीताच्या सादरीकरणावर संशोधन करायचं ठरलं की बरेच विद्यार्थी मिडी कीबोर्डकडे वळतात. कारण सरळ आहे. मायक्रोफोनच्या रेकॉर्डिंगमधून प्रत्येक स्वर कधी सुरू झाला आणि किती जोरात वाजला हे शोधून काढणं कटकटीचं असतं. मिडीमध्ये हे आकडे आयते मिळतात. प्रत्येक स्वरासोबत १ ते १२७ मधला एक आकडा येतो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. तो स्प्रेडशीटमध्ये घ्यायचा आणि सरासरी काढायची, एवढं सोपं.

पण हा आकडा फाईलमध्ये पोचेपर्यंत दोन-तीन ठिकाणी बदललेला असू शकतो. कुठे बदलला हे माहीत नसेल तर वादकाऐवजी यंत्राची सेटिंगच मोजली जाते. म्हणून या लेखात दोन गोष्टी बघू: हा आकडा तयार कसा होतो, आणि तो जुळवून घ्यायचा असेल तर कोणत्या टप्प्यावर.

आकडा येतो कुठून?

बहुतेक कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात. पट्टी दाबली की आधी पहिला जुळतो, मग दुसरा. या दोन्हींमध्ये किती वेळ गेला ते आतला प्रोसेसर मोजतो. वेळ कमी, तर व्हेलॉसिटी जास्त. म्हणजे इथे पट्टी खाली जाण्याचा वेग मोजला जातो. बोटाचा जोर थेट मोजला जात नाही, आणि आवाजाचा तर इथे अजून पत्ताही नसतो.

मोजलेल्या वेळेला कोणता आकडा द्यायचा हे कीबोर्ड बनवणारी कंपनी ठरवते. मिडीचं मानक १९८३ मध्ये आलं. त्यात आकड्यांची मर्यादा ठरली, वेग न मोजणाऱ्या कीबोर्डने ६४ पाठवायचे असं ठरलं, आणि व्हेलॉसिटी ० आली तर स्वर बंद असं समजायचं हेही ठरलं. पण अमुक वेगाला अमुक आकडा, असं काही त्यात नाही. त्यामुळे एकाच वादकाचा तोच हात दोन कीबोर्डवर वेगळे आकडे देऊ शकतो.

पुढे आवाजाच्या बाबतीतही तेच. रॉजर डॅनेनबर्ग यांनी २००६ मध्ये वेगवेगळे सिंथेसायझर तपासले. ढोबळमानाने आवाजाचा आयाम व्हेलॉसिटीच्या वर्गाप्रमाणे वाढतो असं त्यांना दिसलं, पण वाद्यावाद्यांत फरक बराच होता. तेव्हा ‘व्हेलॉसिटी दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट’ असं वाक्य प्रबंधात लिहू नका.

कर्व्ह म्हणजे काय करतो?

कीबोर्डच्या मेनूमध्ये ‘सॉफ्ट’, ‘नॉर्मल’, ‘हार्ड’ असे पर्याय असतात. हे व्हेलॉसिटी कर्व्ह. आलेला आकडा एका सूत्रातून जातो आणि दुसरा बाहेर पडतो. नेहमीचं सूत्र असं: आलेल्या आकड्याला १२७ ने भागा, त्याचा ठरावीक घात घ्या, पुन्हा १२७ ने गुणा.

घात ०.५ घेतला तर ३२ चे ६४ होतात, ६४ चे ९० आणि ९६ चे ११०. हलका हातही दमदार वाजतो. घात २ घेतला तर उलट: ३२ चे ८, ६४ चे ३२ आणि ९६ चे ७३.

आता नुकसान कुठे होतं बघा. घात ०.५ असताना ६४ ते १२७ या ६४ वेगवेगळ्या आकड्यांना ९० ते १२७ या ३८ जागांत बसावं लागतं. काही आकडे एकमेकांत मिसळतात आणि उलटं गणित करून ते वेगळे करता येत नाहीत. घात २ असेल तर १ ते ७ हे आकडे पूर्णांकात ० होतात, आणि ० म्हणजे तर स्वर बंद! स्वतः स्क्रिप्ट लिहिणार असाल तर किमान मूल्य १ ठेवा, नाहीतर सगळ्यात हळुवार स्वर डेटातून गायब होतील.

बदल कुठे करायचा?

जागा तीन आहेत: कीबोर्डच्या आत, सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड होण्याआधी, आणि रेकॉर्ड झाल्यानंतर. रीपरमध्ये इनपुट एफएक्सला लावलेला बदल फाईलमध्ये कायमचा जातो; ट्रॅकच्या एफएक्सला लावलेला फक्त ऐकताना लागू होतो. क्यूबेसचा इनपुट ट्रान्सफॉर्मर रेकॉर्डिंगच्या आधी काम करतो. एबलटन लाईव्हमध्ये ट्रॅकवर व्हेलॉसिटी इफेक्ट टाकला तरी क्लिपमध्ये मूळ आकडेच राहतात.

संशोधनासाठी नियम सोपा: मूळ आकडे रेकॉर्ड करा, कर्व्ह नंतर लावा. याला एकच अपवाद आहे, तो खालच्या चाचणीत कळेल.

१. कीबोर्ड ‘नॉर्मल’वर ठेवा. वादकाला दोन-तीन मिनिटं हळू, मध्यम आणि जोरात वाजवायला सांगा.

२. व्हेलॉसिटीचा स्तंभालेख काढा. सगळं १२७ ला जाऊन साचलं असेल तर कीबोर्डच वरचे फरक कापतोय. हा तो अपवाद. कापलेलं नंतर परत येत नाही, म्हणून इथे कीबोर्डवरचाच कर्व्ह ‘हार्ड’कडे न्या आणि पुन्हा तपासा.

३. आकडे मध्येच दाटले असतील पण टोकाला साचलेले नसतील, तर कीबोर्डला हात लावू नका. ते नंतर पसरवता येतं.

४. काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांचे आकडे वेगळे काढून बघा. पट्टीच्या पुढच्या टोकाला दाबणं आणि आत, बिजागरीजवळ दाबणं यात फरक पडतो.

कानातून येणारा परिणाम

मूळ आकडे घेतले म्हणजे प्रश्न संपला, असं नाही. वादक हेडफोनमध्ये जे ऐकतो त्यानुसार हात बदलतो. आवाज दबका वाटला की जोर लावतो, कर्कश वाटला की हात आवरतो. म्हणजे फक्त ऐकण्यासाठी लावलेला कर्व्हही डेटात शिरतो, वादकाच्या हातांमार्फत. समजा पहिल्या दहा वादकांना एक पियानो ध्वनी ऐकवला आणि उरलेल्या दहांना दुसरा. दोन गटांत जो फरक दिसेल तो वादनाचा की हेडफोनचा, हे मग कोणी सांगू शकणार नाही. म्हणून ध्वनी, त्याची पातळी आणि कर्व्ह सगळ्यांसाठी एकच ठेवा.

आपल्याकडे हार्मोनियमवर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक मुद्दा. हार्मोनियमचा आवाज भात्याच्या हवेवर ठरतो आणि स्वर चालू असतानाही कमीजास्त होतो. व्हेलॉसिटी स्वराच्या सुरुवातीला एकदाच येते. भात्याचं काम अभ्यासायचं असेल तर कोणताही कर्व्ह पुरणार नाही. त्यासाठी एक्स्प्रेशनसारखा सलग कंट्रोलर किंवा मायक्रोफोनचं रेकॉर्डिंग लागेल.

प्रबंधात काय लिहायचं?

पद्धतीच्या प्रकरणात ‘मिडी कीबोर्ड वापरला’ एवढं पुरत नाही. कीबोर्डचं मॉडेल, त्यावरचा कर्व्ह, सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती, रेकॉर्डिंगच्या आधी काही बदल केला का, नंतर केला तर कोणत्या सूत्राने, आणि वादकाला कोणता ध्वनी ऐकू येत होता, हे सगळं लिहा. पाच-सहा ओळींत मावतं. आणि मूळ मिडी फाईल्स एका वेगळ्या फोल्डरमध्ये, कोणीही हात न लावलेल्या, जपून ठेवा. व्हायवामध्ये कोणी विचारलं की ‘हा ६४ कुठून आला?’, तर दाखवायला काहीतरी हाताशी असेल.