फाटे फुटलेल्या संहिता आणि यंत्राकडून होणारी बांधणी

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ‘पाठभेद’ हा शब्द नवा नाही. एका हस्तलिखिताच्या अनेक नकला होतात, प्रत्येक नकलनवीस कळत-नकळत त्यात आपली भर घालतो, आणि काही शतकांनी मूळ पाठ कोणता हे ठरविण्यासाठी पंडितांना बसावे लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत सिद्ध केली ती याच गरजेतून. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले. ते पुरे होण्यास १९६६ साल उजाडले. संगणकाच्या जगातही असेच पाठभेद होतात. फरक इतकाच की, तेथे ते उघडपणे व मुद्दाम केले जातात, आणि प्रत्येक पाठ चालण्याजोगा आहे की नाही याची तपासणी दिवसातून अनेक वेळा यंत्राकडून करून घेतली जाते. ही तपासणी कशी चालते, तिच्यात धोके कोणते आणि आपल्यासारख्यांनी त्यात काय सांभाळावे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

मी कला शाखेचा विद्यार्थी. एका मुक्त प्रणालीतील सूचना मराठीत आणण्याच्या निमित्ताने या व्यवस्थेशी माझा संबंध आला. तेव्हा लक्षात आले की, हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही. अनोळखी माणसाने आणून दिलेले काम कसे स्वीकारावे, त्याच्यावर विश्वास किती टाकावा आणि घराच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात, हा मूळचा सामाजिक प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

फाटा म्हणजे काय?

ज्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, म्हणजे माणसाने लिहिलेला सोर्स कोड, सर्वांना वाचावयास, बदलावयास आणि पुन्हा वाटावयास खुला असतो, त्यास मुक्त स्रोत प्रणाली म्हणतात. हा मजकूर, त्यात झालेल्या प्रत्येक बदलाच्या इतिहासासह, ज्या ठिकाणी ठेवतात ते त्याचे भांडार. या भांडाराची स्वतंत्र प्रत करून तिच्यावर वेगळे काम सुरू करणे म्हणजे ‘फोर्क’ करणे. मराठीत यासाठी ‘फाटा’ हा शब्द अगदी चपखल आहे, एस.टी.ने प्रवास करणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

पूर्वी फाटा फुटणे ही गंभीर गोष्ट मानली जाई. मंडळींत मतभेद विकोपाला गेले म्हणजेच ती घडे. सप्टेंबर २०१० मध्ये ‘ओपनऑफिस’मधून ‘लिब्रेऑफिस’ वेगळे झाले, ते असेच. आज मराठीत लेखन करणाऱ्यांनाही हे लिब्रेऑफिस उपलब्ध आहे. दुसरे उदाहरण तर आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. स्वयंचलित बांधणी करणारी ‘हडसन’ नावाची प्रणाली सन कंपनीत जन्मली. २०१० साली सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली, नावाच्या हक्कावरून वाद झाला, आणि जानेवारी २०११ मध्ये कार्यकर्त्यांनी मतदान करून ‘जेन्किन्स’ हे नवे नाव घेतले. हडसन पुढे मागे पडून बंद झाली. जेन्किन्स आजही जगभर वापरात आहे.

२००५ साली लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी ‘गिट’ ही प्रतींचा हिशेब ठेवणारी प्रणाली लिहिली आणि २००८ साली तिच्यावर आधारलेली ‘गिटहब’ ही सेवा सुरू झाली. तेव्हापासून फाट्याचा अर्थच पालटला. आता भांडण नसतानाही फाटा काढतात. मूळ भांडारात लिहिण्याचा अधिकार आपणास नसतो, म्हणून आपण आपली प्रत काढतो, तिच्यात सुधारणा करतो आणि मूळ मालकास ‘ही ओढून घ्यावी’ अशी विनंती पाठवितो. हिलाच ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. वेगळे होण्यासाठी निघालेला फाटा आता परत येऊन मिळण्यासाठी निघतो.

बांधणी आणि तिचे यंत्र

मूळ मजकुरापासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याच्या क्रियेस ‘बिल्ड’ म्हणतात. आपण तिला बांधणी म्हणू. शेकडो फाईली योग्य क्रमाने जुळवाव्या लागतात. एक बदलली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या तेवढ्याच पुन्हा कराव्या लागतात. हा हिशेब ठेवणारे ‘मेक’ नावाचे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ साली तयार केले. पुढे अशी कल्पना निघाली की, कोणीही बदल केला की लगेच एका तिऱ्हाईत यंत्राने सर्व मजकूर घेऊन बांधणी करावी, चाचण्या चालवाव्यात आणि निकाल जाहीर करावा. २००१ साली ‘क्रूझकंट्रोल’ हे साधन याच कामासाठी आले. २०११ साली बर्लिनमध्ये सुरू झालेल्या ‘ट्रॅव्हिस सीआय’ने मुक्त प्रणालींना ही सोय विनामूल्य दिली. नोव्हेंबर २०१९ पासून गिटहबची स्वतःची ‘ॲक्शन्स’ ही सेवा सर्वांसाठी खुली झाली.

याचा उपयोग काय, ते भाषांतराच्या उदाहरणाने सांगतो. इंग्रजी सूचनेत ‘अमुक फाईल तमुक ठिकाणी ठेवली’ अशा अर्थाचे वाक्य असते आणि नावांच्या जागी टक्केचिन्हाने सुरू होणाऱ्या खुणा असतात. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते, मराठीत शेवटी. त्यामुळे पुष्कळदा खुणांचा क्रम उलटतो. अशा वेळी खुणांना क्रमांक द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर फाईलच्या जागी ठिकाण आणि ठिकाणाच्या जागी फाईल छापली जाते. खुणेचा प्रकारच बदलला असेल तर प्रोग्रॅम बंद पडण्याचा संभव असतो. खूण गळली किंवा तिचा प्रकार बदलला तर बांधणीचे यंत्र काही मिनिटांत लाल फुली दाखविते. उलटलेला क्रम मात्र मराठी जाणणाऱ्या माणसालाच पाहावा लागतो. यंत्राच्या व माणसाच्या कामाची वाटणी अशी आहे. शिवाय मोठ्या प्रणालीची बांधणी साध्या संगणकावर करू गेल्यास तास न् तास लागतात. ज्याच्याकडे भारी यंत्र नाही त्यालाही या सोयीमुळे कामात भाग घेता येतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

फाटा काढल्यावर काय होते?

बांधणी कशी करावयाची याच्या सूचना भांडारातच एका फाईलमध्ये लिहिलेल्या असतात. तिला ‘वर्कफ्लो’ म्हणतात. साहजिकच, आपण फाटा काढला की मजकुराबरोबर या सूचनांचीही नक्कल होते. शेजाऱ्याच्या घराचा आराखडा आणताना त्याचा दूधवाला, पेपरवाला आणि गुरखा यांचे वेळापत्रकही घेऊन यावे, तसा हा प्रकार आहे. मूळ मालकाला रोज रात्री सगळ्या चाचण्या करावयाच्या असतात, तयार प्रती वितरणकेंद्राकडे पाठवावयाच्या असतात. आपणास मात्र चार ओळी दुरुस्त करावयाच्या असतात.

म्हणून गिटहबने काही नियम घातले आहेत. नव्या फाट्यातील वर्कफ्लो आपोआप चालत नाहीत. ते वाचून, समजून, आपण स्वतः बटण दाबून सुरू करावे लागतात. ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांना तर फाट्यात मुळातच विराम दिलेला असतो. सार्वजनिक भांडारात साठ दिवस काहीच हालचाल झाली नाही तर अशी वेळापत्रकी कामे थांबविली जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मूळ मालकाचे परवलीचे शब्द व किल्ल्या, ज्यांना ‘सिक्रेट्स’ म्हणतात, ते फाट्याबरोबर येत नाहीत. त्यामुळे वितरणाची पायरी फाट्यात चालविली तर ती अडते, लाल फुली उमटते आणि फाटेवाल्यास अपयशाची पत्रे येत राहतात. आपले काम बरोबर असूनही ते चुकल्यासारखे दिसते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला मूळ मालकाने करावयाचा. वितरणाच्या पायरीवर ‘भांडाराचे नाव अमुकच असेल तर चालावे’ अशी एका ओळीची अट लिहावी, म्हणजे फाट्यांमध्ये ती पायरी मुकाट्याने वगळली जाते. दुसरा फाटेवाल्याने करावयाचा. आपल्या प्रतीतील मुख्य शाखा मूळ भांडाराशी तंतोतंत जुळती ठेवावी आणि स्वतःचे काम निराळ्या शाखेवर करावे. मुख्य शाखेवरच वर्कफ्लोची फाईल बदलली तर पुढे मूळ बदल आणताना दर वेळी दोन पाठांचा झगडा सोडवावा लागतो. तिसरा उपाय असा की, जे वर्कफ्लो नको असतील ते फाईल न पुसता फाट्यापुरते बंद करून ठेवावेत. तशी सोय आहे.

उलट दिशेचा धोका

आता प्रवाह उलटा घेऊ. फाट्यातून मूळ भांडाराकडे विनंती गेली की, ती तपासण्यासाठी मालकाच्या बाजूचे यंत्र परक्याचा मजकूर घेऊन चालविते. परक्याने लिहिलेले, आपल्या हिशेबावर! म्हणून नेहमीच्या पद्धतीत अशा बांधणीला किल्ल्या दिल्या जात नाहीत, आणि तिचे अधिकारपत्र केवळ वाचण्यापुरते असते. अंगणात बसवून पाहुणचार करावा, पण तिजोरीची खोली बंद ठेवावी, असा हा रिवाज आहे.

कधी कधी मालकाला विनंतीवर शेरा लिहिणे, खूण लावणे अशी कामे यंत्राकडून करून घ्यावयाची असतात व त्यासाठी जास्त अधिकार लागतात. २०२० साली त्यासाठी ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ नावाची वेगळी सोय आली. तिच्यात सूचना मूळ मालकाच्या चालतात आणि किल्ल्याही मिळतात. मात्र अशा वर्कफ्लोमध्ये फाट्यातील मजकूर आणून चालविला, की तिजोरीची खोली पाहुण्यास उघडी झालीच. डिसेंबर २०२४ मध्ये ‘अल्ट्रालिटिक्स’ या प्रणालीवर झालेला हल्ला याच दारातून आला. हल्लेखोराने आपल्या शाखेच्या नावातच संगणकाला द्यावयाच्या आज्ञा लिहिल्या होत्या! यंत्राने नाव वाचले आणि आज्ञा पाळली. पुढे आभासी चलन खणणारा कोड मिसळलेली आवृत्ती अधिकृत वाटेने लोकांपर्यंत गेली.

फुकटच्या यंत्रावर असे चलन खणण्याचा उद्योग त्याआधीही बोकाळला होता. कोणाच्याही भांडारास खोटी विनंती पाठवावयाची आणि तिच्या बांधणीत खाणकाम उरकावयाचे. म्हणून एप्रिल २०२१ मध्ये गिटहबने नियम केला की, प्रथमच काम पाठविणाऱ्याची बांधणी मालकाच्या संमतीशिवाय चालू नये. ट्रॅव्हिसने तर नोव्हेंबर २०२० मध्येच अमर्याद मोफत सेवा आवरती घेतली. गैरवापर हे त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक होते. गावच्या पाणवठ्यावर एकाने गुरे धुतली की सर्वांचेच पाणी नासते.

मार्च २०२५ मधील प्रकार आणखी बोधप्रद आहे. वर्कफ्लोमध्ये इतरांनी तयार केलेल्या पायऱ्या आयत्या वापरता येतात. ‘टीजे-ॲक्शन्स’ या गटाची ‘चेंज्ड फाइल्स’ ही अशीच एक पायरी तेवीस हजारांहून अधिक भांडारांत वापरात होती. हल्लेखोरांनी तिच्या जुन्या आवृत्त्यांची नावे नव्या, विषारी मजकुराकडे वळविली, आणि सार्वजनिक भांडारांच्या बांधणीच्या नोंदींत किल्ल्या उघड्या छापल्या जाऊ लागल्या. यातून धडा असा की, परक्याची पायरी नावाने बोलावू नये, तर तिच्या नोंदीच्या चाळीस अक्षरी ओळखक्रमांकाने बोलवावी. नाव हलविता येते, हा क्रमांक मजकुरावरूनच निघत असल्याने हलविता येत नाही. मात्र तो क्रमांक मूळ भांडाराचाच आहे, एखाद्या फाट्यातला नव्हे, हे पाहून घ्यावे.

मग हा खटाटोप सोडूनच द्यावा काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. २०२४ साली ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरदार आढळले. ते ठेवणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून काम करून विश्वास मिळविला होता. हे चोरदार कार्यान्वित करणारा बांधणीतील तुकडा उघड्या भांडारात नव्हताच. वितरणासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात तेवढा घातलेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले, त्याने पिच्छा पुरविला आणि कपट उघडकीस आले. जी बांधणी सर्वांच्या डोळ्यांदेखत, सर्वांना वाचता येणाऱ्या मजकुरापासून होते, तिच्यात असा तुकडा लपविणे कितीतरी कठीण आहे. उघडेपणामुळे धोके येतात हे खरे, पण ते ओळखण्याची शक्यताही उघडेपणातच असते.

आपल्या भाषेपुरते बोलावयाचे तर संगणकावर मराठी नीट वागावी यासाठी पुष्कळ लहान लहान कामे पडून आहेत: जोडाक्षरे, अनेकवचने, तारखा, अकारविल्हे. ती परदेशातील कोणी आपल्यासाठी करील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. फाटा काढण्यास कोणाची परवानगी लागत नाही आणि सार्वजनिक भांडारासाठी बांधणीची नेहमीची यंत्रे आजही विनामूल्य मिळतात. ज्यास हे काम करावेसे वाटेल त्याने आधी वर्कफ्लोची फाईल शेवटपर्यंत वाचावी, नको ते बंद करावे आणि मगच बटण दाबावे. परक्या मालकाने आपली पहिली विनंती संमतीसाठी अडवून धरली तर राग मानू नये. ज्याच्या दारात रोज अनोळखी माणसे येतात त्याने नाव-गाव विचारणे हा शिष्टाचारच आहे. दुसऱ्या खेपेला तो आपल्याला ओळखू लागतो.